हातचा

माझ्या आईने १९८३ पासून घरखर्चाची वही लिहिली. लांबट आकाराच्या, लाल कापडी पाठीच्या त्या वह्या ती सांगलीच्या हरभट रोडवरून वर्षाला एक अशी आणत असे. डावीकडे तारीख आणि वार, मध्ये जिन्नस, उजवीकडे रुपये आणि पैसे यांचे दोन रकाने, तळाशी दुहेरी रेघ आणि रेघेखाली बेरीज. बेरजेतला हातचा ती रकान्याच्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहायची आणि वापरून झाला की त्यावर एक तिरकी रेघ मारायची. तिचे शिक्षण सातवी फायनलपर्यंतच झाले होते. पण पावकी, निमकी, दिडकी तिला तोंडपाठ होती आणि शिल्लक जुळल्याशिवाय ती अंथरुणाला पाठ टेकत नसे. चार आणे कमी पडले तरी ती मनातल्या मनात सारा दिवस उलटा चालून यायची: दूधवाला, गिरणी, देवळातली पेटी, रिक्षा.

माझा व्यवसाय हिशेब तपासण्याचा आहे. पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, लहान दुकानदार यांच्या वह्या मी गेली तीस वर्षे तपासते आहे. आईची वही मात्र मी कधी उघडून पाहिली नव्हती, कारण ती चुकेल असे कधी मनातच आले नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये पुण्यात तिला स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "हे साधारण कधीपासून सुरू झाले?" आम्ही सांगितले, लॉकडाऊननंतर. ते उत्तर मला त्या रात्री पटेना. पुढच्या खेपेला सांगलीला गेले तेव्हा माळ्यावरून वह्या खाली काढल्या आणि एखाद्या संस्थेचे दप्तर तपासावे तशी शेवटच्या पानापासून मागे जाऊ लागले.

पहिली चूक मला सापडली ती १४ नोव्हेंबर २०१७, मंगळवारची. दूध ५२, मेथी १५, दळण १८, रिक्षा ३०, हरभरा डाळ ४८. बेरीज १६३ व्हायला हवी होती. तिथे १४३ लिहिले होते. हातच्याचे दोन रकान्याच्या डोक्यावर होते, नेहमीसारखे बारीक आणि स्पष्ट, पण त्यावर तिरकी रेघ नव्हती. तिने हातचा लिहिला होता आणि घ्यायला विसरली होती.

एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माझ्या धंद्यामुळे ठाऊक आहे. बेरजेत चुका सगळ्यांच्याच होतात. आधीच्या चौतीस वर्षांच्या वह्यांतही खाडाखोड होती, पण ती तिच्याच हातची होती. चूक करायची, रात्री पकडायची, खोडून नीट लिहायची. २०१७ च्या त्या पानावर खाडाखोड नव्हती. वीस रुपयांचा फरक तिला जाणवलाच नव्हता, किंवा जाणवूनही शोधावासा वाटला नव्हता. २०१८ मध्ये अशी पाने आणखी सापडली, आणि २०१९ च्या वहीत काही ठिकाणी तळाची बेरीजच नव्हती. दुहेरी रेघ ओढून खाली जागा कोरी सोडलेली होती. एकटी चूक मला इतकी अस्वस्थ करून गेली नसती. चुकीकडे परत न येणे ही माझ्या आईच्या स्वभावातली नवी गोष्ट होती, आणि ती आम्हा कुणाच्या लक्षात आली नव्हती.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि गावभागातल्या आमच्या घराच्या खालच्या मजल्यात पुरुषभर पाणी उभे राहिले. वह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. वडील त्याआधी तीन वर्षांपूर्वी गेले होते, भाऊ बंगळुरूला, तेव्हा आईला एकटीला त्या ओल्या भिंतींच्या घरात ठेवायचा प्रश्नच नव्हता. मी तिला कोथरूडला आणले, चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या घरात, आणि मनापासून सांगितले, "आई, खूप केलंस, आता तू फक्त आराम कर."

त्या वाक्याविषयी मी गेली काही वर्षे विचार करते आहे.

सांगलीत आईचा दिवस कसा जात होता, याची तेव्हा मी कधी मोजदाद केली नव्हती. पहाटे पाणी भरणे, सडा, पूजा. मग गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाणे आणि येताना मंडई. तिचे माहेर अथणीचे, त्यामुळे सीमेपलीकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांशी ती कानडीत घासाघीस करायची, शेजारच्या मराठी दुकानदाराशी मराठीत, आणि दोन्हीकडचे भाव डोक्यात ठेवून कुठून काय घ्यायचे ते ठरवायची. बारा जणींच्या भिशीचा हिशेब तिच्याकडे होता. गुरुवारी भजनी मंडळ. महिन्यातून दोनदा वाचनालयातून मासिक बदलून आणणे. यातल्या एकाही गोष्टीला आम्ही व्यायाम, बौद्धिक कसरत किंवा सामाजिक सहभाग म्हटले नसते. ती आईची कामे होती, आणि वय झाल्यावर माणसाच्या डोक्यावरची कामे कमी करावीत हे आमच्या घरात मायेचे लक्षण मानले जाई.

पुण्यात किराणा फोनवरून मागवला जायचा. स्वयंपाकाला बाई होती. भाजी निवडायला घेतली तर कुणीतरी "राहू दे गं आई" म्हणून ताट पुढ्यातून उचलून न्यायचे, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच असे. वही तिने बरोबर आणली होती. २०१९ च्या वहीत सप्टेंबरची चार पाने भरलेली आहेत, सगळी एकेका ओळीची: "देवाला फुले १०", "फुले १०", "फुले १०". नंतर काही नाही. तिच्या हातून पैसे जाणेच बंद झाले होते, तर लिहायचे काय? सहा महिन्यांनी लॉकडाऊन लागला आणि खालच्या बाकावर बसणाऱ्या दोन बायकांशी नुकतीच होऊ लागलेली ओळखही तुटली.

आमच्या आरामाने आईचा आजार ओढवला का, हा प्रश्न मी डॉक्टरांना सरळ विचारला. ते म्हणाले की आजार त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला असणार. अल्झायमरमध्ये मेंदूत ज्या प्रथिनांची पुटे साचतात, ती लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून साचू लागतात, हे आता चांगले प्रस्थापित झाले आहे. म्हणजे आई भिशीचा हिशेब बिनचूक ठेवत होती, त्या काळातही आत काहीतरी चालू झाले असणार. मला यातून दिलासा मिळायला हवा होता. तो पुरता मिळाला नाही, म्हणून मी वाचायला लागले, आणि जे वाचले ते माझ्या परीने तपासत गेले.

सगळ्यात आधी ज्या अभ्यासाने मला थांबवले तो अमेरिकेतल्या ख्रिस्ती मठांतल्या जोगिणींचा, म्हणजे ननांचा. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ मध्ये मिनेसोटातल्या एका मठापासून सुरुवात करून एकाच कॅथलिक संघातल्या ६७८ वृद्ध जोगिणींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांचे राहणे सारखे, जेवण सारखे, तंबाखू नाही, दारू नाही किंवा नावापुरती, मुलेबाळे नाहीत. त्यामुळे तुलना करायला असा गट मिळणे दुर्मीळ. त्यांनी दरवर्षी स्मरणाच्या चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी दिला. मठाच्या कपाटांत संशोधकांना आणखी एक गोष्ट सापडली: दीक्षेपूर्वी, सरासरी बाविसाव्या वर्षी, प्रत्येकीने स्वतःच्या हाताने लिहिलेली छोटी आत्मकथा. त्यांतल्या ९३ जणींच्या लेखनात दर दहा शब्दांत किती कल्पना गुंफल्या आहेत हे मोजले गेले. ज्यांचे तरुणपणीचे लेखन विरळ होते, त्यांच्या पुढे जवळजवळ साठ वर्षांनी घेतलेल्या चाचण्यांतले गुण कमी आढळले. तरुणपणीचा समृद्ध भाषाव्यवहार मेंदूला पुढे तारतो, की आजाराची फार पुसट सावली तेव्हाच पडलेली असते, याचा निवाडा त्या लेखनावरून होत नाही. पण कपाटातल्या जुन्या कागदांत माणसाच्या मनाचा इतका लांबचा माग लागू शकतो हे वाचताना माझ्या मांडीवर २०१७ ची वही होती.

त्याच अभ्यासातल्या सिस्टर मेरी १०१ वर्षे जगल्या. वयाच्या ८४ व्या वर्षापर्यंत त्यांनी शिकवण्याचे काम केले होते आणि अखेरपर्यंत त्यांच्या चाचण्या उत्तम होत्या. मृत्यूनंतर मेंदू पाहिला तेव्हा त्यात अल्झायमरची पुटे आणि गाठी भरपूर होत्या. आजार मेंदूत होता, वागण्यात उतरला नव्हता. अशा माणसांकडे पाहून संशोधक ज्याला मेंदूची राखीव क्षमता म्हणतात, तिच्यासाठी मराठीत आपल्याकडे एक चालता शब्दप्रयोग आधीच आहे: हातचे राखून असणे. शिक्षण, गुंतागुंतीचे काम, माणसांत असणे, नवे शिकत राहणे यांतून मेंदूत एकाच ठिकाणी पोचण्याच्या अनेक वाटा तयार होतात, आणि एक वाट खचली तर दुसरीने काम निभावते. नुकसान होत नाही असे नाही. ते निभावून नेण्याची ऐपत असते, आणि ज्याच्याकडे राखीव जास्त त्याला दुखणे उशिरा गाठते.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक लागली, कारण ती आमच्या घराच्या जवळची होती. ज्या जोगिणींच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्या आणि शिवाय रक्तपुरवठा तुटून झालेले बारीक व्रणही होते, त्यांना प्रत्यक्षात स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण नुसत्या अल्झायमरच्या खुणा असणाऱ्यांपेक्षा फार मोठे होते. आईच्या एमआरआयमध्ये असे जुने बारीक व्रण दिसले. निदानाच्या कागदावर "मिश्र प्रकार" असे लिहिले आहे.

आईचा रक्तदाब पन्नाशीतच वाढलेला निघाला होता. तिला गोळी सुरू केली होती, आणि ती ती गोळी चक्कर आली की घ्यायची, बरे वाटले की बंद करायची. "रोज घेतली की सवय लागते," हे तिचे मत होते, आणि आमच्या नात्यातल्या निम्म्या माणसांचे आजही आहे. उच्च रक्तदाब दुखत नाही, जाणवत नाही, आणि ज्याचा त्रास नाही त्यावर महिन्याला पैसे घालवणे वहीत खर्च मांडणाऱ्या बाईला पटणे अवघड होते. मला मात्र ते पटवून देणे अवघड नव्हते; मी ते केले नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत पन्नाशीच्या पुढच्या ९,३६१ जणांचे दोन गट केले होते. एकाचा वरचा रक्तदाब १४० च्या खाली ठेवायचा होता, दुसऱ्याचा १२० च्या खाली. दुसऱ्या गटात विस्मरणाची सौम्य, आरंभीची अवस्था येण्याचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघाले. ही जुन्या, स्वस्त, तालुक्याच्या दुकानातही मिळणाऱ्या गोळ्यांची करामत आहे. स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी चाळिशी-पन्नाशीत एकच गोष्ट करा असे मला कुणी विचारले, तर मी बदाम किंवा शब्दकोड्यांच्या आधी रक्तदाब मोजायचे यंत्र घरी आणा असे सांगेन.

आता आरामाकडे परत येते. माणूस कमी हालचाल करतो म्हणून त्याला स्मृतिभ्रंश होतो, की स्मृतिभ्रंश सुरू झालेला असतो म्हणून त्याची हालचाल कमी होते? ब्रिटनमधल्या दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांचा २८ वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवले की निदानाच्या नऊ वर्षे आधीपासूनच अशा व्यक्तींची हालचाल घटू लागते. हे वाचून मी आईच्या वह्या पुन्हा चाळल्या. मंडईचा खर्च जिथे रोज असायचा तिथे २०१६ पासून दिवसाआड आणि मग आठवड्यातून दोनदा झालेला दिसतो. तेव्हा आम्ही समजलो होतो की वडील गेल्यामुळे तिला बाहेर पडावेसे वाटत नाही. तेही खरे असेल. दुःख, कमी होत चाललेली उमेद आणि आजाराची पहिली चाहूल यांच्या सीमा त्या पानांवर आखलेल्या नाहीत, आणि मी कितीही तपासले तरी त्या मला वेगळ्या काढता येणार नाहीत.

म्हणून 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा आकडा मी सावधपणे वाचते. २०२४ च्या अहवालात या आयोगाने बदलता येण्याजोगी चौदा कारणे मांडली आणि ती सगळी दूर करता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील असे म्हटले. लहानपणी अपुरे शिक्षण. मध्यमवयात ऐकू कमी येणे, रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, तंबाखूचा धूर, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अति मद्यपान. उतारवयात एकटेपणा, प्रदूषित हवा आणि उपचार न केलेली अंधुक दृष्टी. ४५ टक्के हा आकडा लोकसंख्येचा आहे. माझ्या आईचा ४५ टक्के आजार टळला असता असा त्याचा अर्थ होत नाही, आणि ज्याला हा आजार झाला त्याने तो ओढवून घेतला असा तर मुळीच होत नाही. ही यादी जीवनशैली या शब्दाखाली छापली जाते तेव्हा मला राग येतो. सातवीनंतर शाळा सोडवून लग्न लावून देणे ही माझ्या आईची जीवनशैली नव्हती.

भारतातले चित्र पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीच्या पुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत अधिक आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासात तर १९७० च्या दशकापासून स्मृतिभ्रंशाचे नवे रुग्ण दर दशकाला घटत गेलेले दिसले, पण ही घट किमान शालान्त शिक्षण झालेल्यांपुरतीच होती. शाळा हे सत्तराव्या वर्षीचे औषध आहे आणि ते दहाव्या वर्षी द्यावे लागते. माझ्या आजोबांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे.

शिक्षण नाही तरी दुसरी भाषा कामी येते, हे मला हैदराबादच्या एका अभ्यासातून कळले आणि मनापासून आनंद झाला. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तिथल्या ६४८ रुग्णांची तुलना केली. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेली होती, आणि कधीही शाळेत न गेलेल्यांतही हा फरक टिकून होता. दोन भाषांत जगणारा माणूस दर वाक्याला एक भाषा पुढे करतो आणि दुसरीला थोपवून धरतो, आणि लक्ष वळवण्याची ही मेहनत आयुष्यभर होत राहते. मंडईत कानडी आणि मराठीत भाव करणारी आई मला आठवली. तिने कितीतरी राखीव कमावून ठेवले असणार. पुण्याच्या घरात मात्र तिच्याशी कानडी बोलणारे कुणी नव्हते.

आणि मग कान. याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आमची सर्वांत मोठी चूक तिथे झाली आणि ती अनेक घरांत होताना मी पाहते. आईला सत्तरीच्या आसपास ऐकू कमी येऊ लागले. सुरुवातीला ती "काय?" म्हणून विचारायची. मग विचारणे बंद करून नुसती हसायची. भजनी मंडळ तिने सोडले तेव्हा कारण सांगितले गुडघ्यांचे. खरे कारण ती खूप पुढे एकदा बोलून गेली की टाळ कुठे पडतो ते कळत नाही आणि आपण चुकीच्या जागी आवाज लावतो. आम्ही तिच्या कानांसाठी मशीन घेतले, चांगले महागाचे. दुकानदाराने ते कानात बसवून दिले, आवाज लहानमोठा कसा करायचा ते दोन मिनिटांत सांगितले, आणि आम्ही निघालो. घरी आल्यावर तिला भांड्यांचा आवाज कानात घण पडल्यासारखा येऊ लागला, पंखा घोंघावू लागला, आणि माणसांचे बोलणे मात्र तसेच अस्पष्ट राहिले. आठवडाभरात मशीन काढून ठेवले गेले, तिच्या दागिन्यांच्या डबीत, कापसात नीट गुंडाळून. वर्षानुवर्षे आवाजाविना राहिलेल्या मेंदूला ते आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात, मशीन दोन-तीनदा जुळवून घ्यावे लागते, सुरुवातीला दिवसाला तासभरच घालावे लागते, हे आम्हाला कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. "तिला सवय नाही होत" असे म्हणून आम्ही तिच्याशी कमी बोलू लागलो. आवश्यक तेवढेच, मोठ्याने, तुटक: जेव. गोळी घे. झोप.

ऐकू न येणे आणि स्मरण यांचा संबंध कसा, याची जी स्पष्टीकरणे दिली जातात ती मला त्या काळातल्या आईत दिसतात. अर्धवट ऐकू आलेले शब्द जोडून अर्थ लावण्यातच मेंदूची शक्ती खर्ची पडते आणि ते लक्षात ठेवायला काही उरत नाही. आवाज पोचले नाहीत की मेंदूच्या त्या भागाला काम उरत नाही. आणि माणूस माणसांतून उठून जातो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षे पाहिले गेले. सगळ्यांचा मिळून विचार केला तर मशीन देण्याने फरक पडलेला दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका अधिक होता त्या गटात बौद्धिक क्षमतेची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. तिथे मशीनबरोबर तज्ज्ञाकडून वारंवार जुळवणी आणि समुपदेशनही होते. ते दागिन्यांच्या डबीत ठेवलेले मशीन नव्हते.

आहाराविषयी मी थोडक्यातच लिहीन, कारण त्याविषयी आपल्याकडे आधीच गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. पालेभाज्या, कडधान्ये, तेलबिया, मासे हे हृदयाला बरे आणि म्हणून मेंदूलाही बरे, यात शंका घेण्याचे कारण नाही. मात्र मेंदूसाठी म्हणून खास आखलेल्या आहाराची तीन वर्षांची चाचणी २०२३ मध्ये जाहीर झाली, तेव्हा तो आहार आणि नेहमीचेच पण थोडे कमी खाणे यांत ठळक फरक निघाला नाही. झोपेचेही तसेच, पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत पुढे धोका अधिक दिसतो, आणि मार्चअखेरीच्या कामात मी वर्षानुवर्षे तेवढीच झोपले आहे.

एकेकटी गोष्ट करण्यापेक्षा सगळ्या मिळून थोड्या थोड्या केल्या तर काय होते, याचे उत्तर फिनलंडमधल्या प्रयोगाने दिले. मिया किविपेल्टो यांच्या गटाने ६० ते ७७ वयाच्या, धोका अधिक असलेल्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेची नियमित तपासणी असे सगळे एकत्र दिले. २०१५ मध्ये निकाल आले, त्यात या गटाची बौद्धिक चाचण्यांतली सुधारणा नुसता सल्ला मिळालेल्या गटापेक्षा सुमारे पाव हिश्शाने अधिक होती. त्या प्रयोगाचे वर्णन वाचताना माझ्या लक्षात आले की चालणे, हिशेब, माणसे, साधे जेवण हे सगळे आईच्या सांगलीतल्या दिवसात होते, फक्त रक्तदाबाची गोळी आणि कानातले मशीन तेवढे नव्हते. आम्हाला तिच्या दिवसात या दोन गोष्टी घालायच्या होत्या. आम्ही त्या घातल्या नाहीत आणि बाकीचे सगळे काढून घेतले.

निदानाच्या दिवशी डॉक्टरांनी तिला घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले. तिने गोल सुरेख काढला, बारा आकडे उजव्या अर्ध्यातच एकावर एक रचले आणि काटे काढलेच नाहीत. आजची तारीख तिला सांगता आली नाही. मग ती आपणहून म्हणाली, "पण आज एकादशी आहे, मला उपास आहे." ती बरोबर होती.

आता आई ८१ वर्षांची आहे. तिचा आजार मागे फिरणार नाही, आणि मी जे करते आहे त्याने तो किती मंदावतो हे मोजण्याचे माझ्याकडे साधन नाही. मशीन आम्ही डबीतून काढले, एका धीराच्या तज्ज्ञ मुलीकडून चार वेळा जुळवून घेतले, आणि आता ती ते सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास घालते. गोळी माझ्या समोर घेते. माझीही त्याच वेळी असते, कारण माझा रक्तदाब गेल्या वर्षी वाढलेला निघाला. दिवसा तिच्या सोबतीला ज्या बाई येतात त्या कलबुर्गीकडच्या आहेत. पहिल्या आठवड्यात त्या फोनवर घरच्यांशी बोलत असताना आईने मान वळवली आणि मध्येच कानडीत काहीतरी विचारले. त्या बाई फोन तसाच धरून तिच्याकडे पाहत राहिल्या. आता दोघी मेथी निवडताना कानडीत बोलतात. आईचे तेच तेच प्रश्न असतात, पण मराठीतल्यापेक्षा तिची वाक्ये तिथे लांब होतात. ताट मी उचलून नेत नाही. निवडलेल्या मेथीत काड्या राहतात, त्या मी नंतर काढते.

आणि वही. या जानेवारीत मी लाल कापडी पाठीची नवी वही आणली आणि रोज संध्याकाळी तिच्या हातात दोनशे रुपयांचे सुटे पैसे देऊन सोबतच्या बाईंबरोबर तिला खाली भाजीवाल्यापाशी पाठवू लागले. परत आली की ती लिहिते. तारखेच्या जागी कधी वर्ष १९९१ असते, कधी वार दोनदा लिहिलेला असतो, अक्षर मात्र तेच आहे. काल तिने गवार ३०, कोथिंबीर १५, लिंबे २०, दोडका ३५ असे लिहिले, दुहेरी रेघ ओढली आणि एकंच्या रकान्यावरून बोट खाली नेत पुटपुटली, "पाच आणि पाच दहा." शून्य मांडले. मग बोट तिथेच राहिले. बराच वेळ राहिले. मी पलीकडे माझे काम करत होते, मान वर केली नाही.

"हातचा किती होता गं?" तिने विचारले.

"एक."

तिने तो रकान्याच्या डोक्यावर बारीक लिहिला आणि दुसऱ्या रकान्याकडे वळली.